खालच्या हौदाची राखण

त्या राज्यात मोठ्या नगरांचे पाणी चाळीस-चाळीस जण मिळून राखत आणि लहान वस्त्यांचे पाणी कोणीतरी एकटा राखत असे. पाण्याला हा फरक ठाऊक नव्हता. गढूळ व्हायचे तेव्हा ते दोन्हीकडे सारखेच गढूळ व्हायचे आणि वापरून झाल्यावर दोन्हीकडे सारखेच नासायचे.

राजधानीच्या तलावातून निघालेला पाट डोंगरउतारावरच्या सतरा वस्त्यांना पाणी देत जिथे संपत असे, तिथे शेवटची वस्ती होती. भेकरे, ससे, साळिंदरे, खवल्ये म्हणजे खवलेमांजरे, अशी साधी बिऱ्हाडे तिथे राहत. वस्तीत दोन हौद होते. वरचा हौद पिण्याच्या पाण्याचा. खालचा हौद जमिनीत खोल गेलेला, वर दगडी झाकण. घराघरांतले वापरलेले पाणी नाल्यांतून त्यात जमे आणि तळाच्या झडपेतून पलीकडच्या लव्हाळ्याच्या रानात जाई. सकाळी वरच्या हौदावर सगळी वस्ती गोळा व्हायची. खालच्या हौदाकडे कोणी बघतही नसे. दोन्ही हौदांचा राखणदार मात्र एकच होता, येसा खवल्या.

येसाला हे काम नागोजी कासवाने दाखवले होते. नागोजी म्हातारा झाला, झडप फिरवताना त्याचे पाय थरथरू लागले, तेव्हा त्याने येसाला बोलावले आणि तीन दिवसांत सगळे काही सांगून टाकले. पांढऱ्या भुकटीचे पोते दाखवले आणि म्हणाला, "रोज एक ओंजळ वरच्या हौदात टाकायची. गुरुवारी दीड."

"गुरुवारी दीड का?" येसाने विचारले.

"माझ्या आधीचा टाकायचा."

खालच्या हौदापाशी आल्यावर कासवाने झाकणावर पाय ठेवला. मग म्हणाले, "ह्याचं झाकण काढलं की लगेच उतरायचं न्हाई. घरी जायचं, न्याहारी करायची, दोन गोष्टी बोलायच्या आणि मग यायचं."

"ते कशापायी?"

"त्याला जरा मोकळं बसू दे. आपल्याला न्हाई का लागत तसं?"

येसा हसला होता. पण पुढे अकरा वर्षे तो तसाच वागला. झडपेत काही अडकले की सकाळी झाकण सरकवून ठेवायचा, घरी यायचा, बायकोने वाढलेले खायचा आणि उन्हे चांगली वर आल्यावर उतरायचा. त्याची बायको सुंदरा त्याला चिडवायची, "हौदाला मोकळं बसवता, मला कधी बसवनार?" असे म्हणत ती त्याच्या पाठीवरचा एकेक खवला राखेने घासून द्यायची, कारण खालचा वास खवल्यांच्या बेचक्यांत दडून राहत असे.

मग एका वर्षी डोंगरात दरड कोसळली आणि पाटाला लाल पाणी आले. येसाने रोजच्यासारखी एक ओंजळ भुकटी टाकली. पाणी लालच राहिले, म्हणून त्याने आणखी एक टाकली. ते पुरेसे होते की नव्हते, हे त्याला कसे कळणार? चौथ्या दिवसापासून वस्तीत जुलाब सुरू झाले. आठवडाभरात दोन ससे आणि एक म्हातारी भेकरी गेली. येसाला कोणी तोंडावर काही बोलले नाही. पण तो भेकरीला माती द्यायला गेला, तेव्हा पुढे उभे असलेले जरा बाजूला झाले आणि त्याच्याभोवती मोकळी जागा राहिली. त्यानंतर महिनाभर तो घरी अर्धपोटीच जेवत होता. सुंदराला एकदाच म्हणाला, "किती पाण्याला किती टाकायचं, एवढं एक कुनी सांगितलं असतं तर."

पुढच्या हिवाळ्यात राजधानीतून बगळा आला.

हा बगळा राज्याच्या जलशाळेचा निरीक्षक होता. वर्षातून एकदा तो सतरा वस्त्यांवरून उडत येई, प्रत्येक हौदाच्या काठावर एका पायावर उभा राही आणि कागदावर खुणा करी. या वेळी त्याने नवा कागद आणला होता. राज्यातल्या सर्व पाणराख्यांनी जलशाळेत येऊन सात दिवस शिक्षण घ्यावे, असे त्यात लिहिले होते.

येसा कधी नव्हे तो पुढे झाला. "साहेब, तिथं भुकटीचं माप शिकवतात का?"

"ते चौथ्या दिवशी."

"आणि खालच्या हौदात उतरायचं कसं ते?"

"सातव्या दिवशी," बगळा म्हणाला आणि खूण करून उडून गेला.

येसा कागद घेऊन वस्तीच्या प्रमुखाकडे गेला. मानाजी गवा वस्तीचा प्रमुख होता. देह अवाढव्य, आवाज मऊ, आणि वस्तीवर त्याचा जीव होता. त्याने कागद वाचला, मग कोनाड्यातून दुसरा कागद काढला. त्यावर लिहिले होते की कोणत्याही पाणराख्याने बदली राखणदार दिल्याशिवाय एक दिवसही जागा सोडू नये.

"येसा, दोन्ही कागदांवर मोहोर एकच आहे," मानाजी म्हणाला. "मी कुठला मानू? तू सात दिवस गेलास तर इथं झडप कोण फिरवणार? बदली द्यायला मला दुसरा कोणी माहीत तरी आहे का?"

"चिमाजी साळिंदराला थोडंफार येतंय."

"थोडंफार येतंय म्हणून वस्ती त्याच्या हवाली करू? लाल पाण्याचं वर्ष विसरलास?"

येसा विसरला नव्हता. तो परत आला.

दुसऱ्या वर्षीही असेच झाले. तिसऱ्या वर्षी बगळा आला तेव्हा त्याच्याकडे यादी होती, आणि यादीत सोळा वस्त्यांपुढे खूण होऊन फक्त शेवटच्या वस्तीपुढची जागा कोरी होती. बगळ्याला कोरी जागा आवडत नसे. त्याने झोळीतून तांब्याचा एक बिल्ला काढला आणि येसापुढे धरला.

"घे. तू शिक्षित पाणराख्या झालास."

"पण मी आलो न्हाई, साहेब."

"आलास असं धरू. इथं नखाचा ठसा दे."

येसाने मानाजीकडे पाहिले. मानाजीने मान हलवली. तो बिचारा खूश झाला होता, कारण तीन वर्षांचा गुंता एका ठशात सुटत होता. येसाने ठसा दिला. खाली मानाजीने साक्ष म्हणून खूर उमटवला.

बिल्ल्याबरोबर एक लाकडी पेटी आली. त्यात चामड्याचा भाता होता, कमरेला बांधायचा पट्टा होता, लांब दोर होता आणि हवा वाईट असेल तर काळी पडणारी एक काच होती. बगळ्याने मानाजीला बजावले, "नग चार. दर तपासणीला चारही दाखवायचे. नवे दिले आहेत, नवेच दिसले पाहिजेत." मानाजी हे वाक्य विसरला नाही. त्याने पेटीला कुलूप घातले, किल्ली स्वतःच्या गळ्यात बांधली आणि पेटी आपल्या घरात उंच फळीवर ठेवली. हत्यारांच्या पूजेच्या दिवशी तो ती खाली काढी, तिला हळदकुंकू लावी, झेंडूची माळ घाली, हात जोडी आणि पुन्हा वर ठेवून देई.

पेटीबरोबर एक पुस्तिकाही होती. ती नगांमध्ये धरलेली नसल्यामुळे येसाच्या घरी राहिली. राजधानीची लिपी येसाला आणि सुंदराला, दोघांनाही येत नव्हती. सुंदरा चुलीपुढे बसून चित्रे बघायची. एका पानावर झाकण काढलेला हौद होता आणि काठावर तिघे उभे होते. दुसऱ्या पानावर पट्टा बांधलेला एक जण आत उतरत होता. शेवटच्या पानावर हौदाच्या तळाशी तिघे पडले होते, एकावर एक.

"आवं, हे काय करत्यात?" तिने विचारले.

येसाने वाकून पाहिले. "दमून झोपले असतील."

"एकावर एक कोन झोपतं?"

येसाने चुलीत एक लाकूड सारले. तिने पुस्तिका मिटली, पण ते चित्र तिच्या मनातून गेले नाही. पुढे कितीतरी दिवस काम करता करता ती थबकायची. खाली पडलेल्यांपैकी सगळ्यात वरच्याचा पंजा मधल्याच्या खांद्यावर होता, हे तिला आठवायचे.

दोन वर्षांनी शेवटच्या वस्तीला मान मिळायचे ठरले. सतरा वस्त्यांमधली सर्वांत स्वच्छ वस्ती म्हणून एक दगडी पाटी बसवायची होती आणि ती बसवायला खुद्द जलशाळेचा आचार्य हंस येणार होता. आठ दिवस वस्ती राबत होती. वाटा सारवल्या, कुंपणे बांधली, रोज जेवणावळी उठल्या. खरकट्या पत्रावळी कोणी कुठे टाकल्या, हे कोणी पाहिले नाही.

पाटी बसवायच्या दिवशी सकाळी सशांच्या आळीत नाल्याचे पाणी उलटे घरात शिरले. मग साळिंदरांच्या. मग काल सारवलेल्या मोठ्या वाटेवर काळे पाणी आले. झडप तुंबली होती.

येसा लगेच खालच्या हौदाकडे गेला. चिमाजी साळिंदर त्याच्याबरोबर होता. हे दोघे लहानपणापासूनचे सोबती. चिमाजी शेतावर जाता येता झाकण सरकवायला हात द्यायचा, आणि या कामात येसाला त्याची तेवढीच मदत होती. दोघांनी झाकण सरकवले. आतून आलेल्या वासाने चिमाजीने तोंड फिरवले.

"चल, घरी जाऊन येऊ," येसा म्हणाला. "सुंदरानं घावन टाकल्यात."

एवढ्यात मानाजी गवा धावत आला. त्याच्या शिंगांना झेंडू बांधलेले होते. मागे अर्धी वस्ती होती.

"उतरला नाहीस अजून?"

"झाकण आत्ताच काढलंय, दादा. न्याहारी करून येतो."

"आज कसली न्याहारी! पाहुणे टेकडीच्या माथ्यावर आले. वाजंत्री ऐकू येते. हंसाच्या पायाला हे पाणी लागलं तर तोंड कुठं लपवू?"

खरेच वाजंत्री ऐकू येत होती. येसाने हौदाच्या तोंडाकडे पाहिले, मग जमलेल्या मंडळींकडे पाहिले. लाल पाण्याच्या वर्षी जी बाजूला सरकली होती तीच ही मंडळी होती, आणि आज ती त्याच्याकडे अपेक्षेने बघत होती.

"मग पेटीतला दोर तरी द्या."

मानाजी घुटमळला. "अरे, आज ती पेटी त्यांच्यापुढं उघडून दाखवायची आहे. घाणीने माखलेला दोर दाखवू का? एवढ्या वेळेला उतर. उद्यापासून घेऊन जा पेटी, माझी ना नाही."

येसाने मान डोलावली आणि दगडाच्या खोबण्यांत पाय रोवत तो खाली उतरला.

पहिल्यांदा पाण्यात काही ढवळल्याचा आवाज आला. मग येसाचा आवाज आला, "पत्रावळ्या हायत रे." मग पाणी मोठ्याने खळाळले. झडप मोकळी झाली होती. वाटेवरचे काळे पाणी ओसरू लागले आणि सशांच्या आळीतून आनंदाची आरोळी उठली. त्या आरोळीत खालचा आवाज थांबलेला कोणाच्या लक्षात आला नाही.

फक्त चिमाजीच्या लक्षात आला. "येसा?" त्याने वाकून हाक मारली. "ए येसा! वर ये की." खाली काहीतरी अंधूक, गोल दिसत होते. चिमाजीने मागे वळून पाहिले नाही, कोणाला विचारले नाही. तो सरळ उतरला. चार खोबण्या त्याने नीट ओलांडल्या, पाचवीवर त्याची पकड सुटली.

आता किंचाळ्या उठल्या. दोन तरणी भेकरे पुढे सरसावली. त्यांतल्या एकाने काठावर पाय टाकलाही, आणि तेवढ्यात सुंदरा पोचली. आरोळी ऐकून ती पदर खोचत आली होती. हौदाच्या काठावर उभी राहून तिने खाली बघितले. तळाशी तिचा नवरा होता. त्याच्यावर चिमाजी होता. चिमाजीचा पंजा येसाच्या पाठीवर होता.

तिने भेकराला धडक देऊन मागे लोटले, सगळे खवले उभे केले आणि हौदाच्या तोंडाशी आडवी पडली.

"कुनीबी उतरायचं न्हाई!"

"वहिनी, सरका! ते मरतील!"

"उतरशील तर तू तिसरा. मी बघितलंय."

"कुठं बघितलंय? अगं, तुझाच नवरा आहे आत!" मानाजी ओरडला.

"माझा हाय, म्हनून मी सांगते!" तिचा आवाज फाटला. "दादा, पेटी आना. पळा. पेटी आना!"

मानाजी गवा इतक्या वर्षांत कधी धावला नव्हता तसा धावला. फळीवरची पेटी खाली ओढून त्याने ती हौदापाशी आणली. गळ्यातली किल्ली दातांत येईना, म्हणून त्याने शिंगाने झाकण फोडले. दोर अजून कारखान्यातल्या गाठीतच बांधलेला होता. सुंदराने पुस्तिकेतल्या चित्रात होते तसे काच दोराला बांधून खाली सोडली आणि वर ओढली. काच काजळीसारखी काळी होती. मग भेकरांनी भाता लावला. सगळे आळीपाळीने भाता दाबत होते, आणि ती तोंडाशी आडवी पडून खाली बघत होती. तेवढा वेळ तिने कसा काढला हे नंतर तिलाही सांगता आले नाही. दुसऱ्यांदा काच वर आली ती धुरकट. कोणीतरी म्हणाले, "आता बास, उतरू या." ती नाही म्हणाली. तिसऱ्यांदा काच स्वच्छ आली, तेव्हा तिने स्वतः पट्टा बांधला आणि भेकरांच्या हातात दोर देऊन ती खाली गेली.

चिमाजीला तिने आधी वर पाठवले, कारण तो वर होता आणि त्याचा श्वास अजून चालू होता.

येसाला वर आणले तेव्हा तो गोल झाला होता. भ्याला की खवल्या अंगाची गुंडाळी करतो, तशी त्याने शेवटच्या क्षणी केली असावी. त्याला कोणाला उलगडता आले नाही. दोघातिघांनी प्रयत्न केला, मग सुंदरा म्हणाली, "राहू द्या." ती त्याला मांडीवर घेऊन बसली आणि पदराच्या टोकाने एकेका खवल्याच्या बेचक्यातली घाण पुसू लागली.

वाजंत्री वेशीशी येऊन थांबली. हंसाने दुरून पाहिले, बगळ्याला काही विचारले आणि मिरवणूक आली तशी परत फिरली. मोठी वाट तोवर स्वच्छ, कोरडी झाली होती.

आठवड्याने बगळा चौकशीला आला. त्याने पेटी पाहिली, फुटलेल्या झाकणापुढे खूण केली, नग मोजले. चारही भरले. मग त्याने जुनी यादी काढली. तिच्यात येसाच्या नखाचा ठसा होता आणि खाली मानाजीचा खूर होता. तो लिहू लागला. राखणदार रीतसर शिक्षित होता. साधने पुरवलेली होती. राखणदाराने ती वापरली नाहीत.

सुंदरा समोर बसली होती. तिने पुस्तिका पुढे केली.

"साहेब, ह्यात काय लिहिलंय तेवढं वाचून दाखवा."

बगळ्याने अशा पुस्तिका सतराही वस्त्यांना वाटल्या होत्या. उघडून मात्र एकही पाहिली नव्हती. त्याने पहिले पान उघडले आणि राजधानीच्या भाषेत वाचायला सुरुवात केली.

"आमच्या बोलीत सांगा."

बगळा अडखळला. मग त्याने सांगितले, "झाकण उघडल्यावर हवा खेळू द्यावी. काच सोडून पाहावी. दोराशिवाय उतरू नये." त्याने पान उलटले. "वास यायचा थांबला म्हणजे हवा चांगली झाली असे समजू नये. आत कोणी पडल्यास त्याच्यामागे उतरू नये." आणखी एक पान. "राखणदाराला एकट्याने..."

तो थांबला.

"एकट्यानं काय?"

"एकट्याने हे काम करण्यास सांगू नये."

 मानाजी जमिनीकडे बघत होता.  बगळ्याने पुस्तिका मिटली, अहवालाकडे पाहिले, मग जुन्या यादीवरच्या आपल्याच सहीकडे पाहिले. अहवालातला एकही शब्द त्याने खोडला नाही. फक्त जाताना तो नेहमीसारखा हौदाच्या काठावर उभा राहिला नाही.

चिमाजी जगला. पण दहा पावले चालला की त्याला धाप लागे, आणि त्याच्या अंगावरचे काटे एकेक करून गळू लागले. तो उन्हात बसून राही. जवळ कोणी बसले की म्हणे, "माझा हात त्याला लागला होता. पकडला होता मी त्याला." ऐकणारा म्हणे, "हो रे." थोड्या वेळाने चिमाजी पुन्हा म्हणे, "लागला होता."

हौदाला मात्र सुतक नव्हते. वस्ती पाणी वापरत होती आणि वापरलेले पाणी खाली जमत होते. पाणराख्या व्हायला कोणी पुढे येईना. मानाजी घरोघरी गेला. ज्याच्या दारात जाई तो नजर चुकवी. एक दिवस तो कोणालाच न भेटता घरी परतला, तर दारात सुंदरा उभी होती.

"मी करते," ती म्हणाली.

"तू? सुंदरा, तुला तिथं कसं..."

"वरच्या हौदाचं माप मी शिकून घेतलंय. बगळ्याकडनं ते पान दोनदा वाचून घेतलं. खालचंबी करते. पन मी उतरले की दोर तुमी धरायचा."

"मी भेकरांना सांगतो. तरणी आहेत, ताकद आहे."

"न्हाई. तुमी."

"मीच का?"

सुंदराने त्याच्या गळ्याकडे पाहिले. किल्ली तिथे अजून होती. कुलूपच उरले नव्हते, तरी ती काढायचे त्याला सुचले नव्हते की धीर झाला नव्हता, कोण जाणे. त्याने तिची नजर ओळखली आणि मान खाली घातली.

"धरीन," तो म्हणाला.

त्या दिवसापासून पेटी खालच्या हौदापाशी उघड्या छपराखाली राहिली. दोर मळला, भात्याचे चामडे मऊ पडले. सुंदरा झाकण काढून घरी जायची, एकटीच न्याहारी करायची, परत येऊन काच सोडायची आणि मग उतरायची. खाली गेल्यावर शंभर आकडे मोजून ती दोराला एक हिसका द्यायची, म्हणजे ठीक आहे असे समजायचे. हिसका आला नाही तर कोणी हाक मारत बसायचे नाही, कोणी उतरायचे नाही, ओढायचे. गवा दोर दातांत धरून उभा राही. हिसका येईपर्यंत तोही मनात आकडे मोजत असे. एकदा काम करता करता तिचे मोजणे चुकून हिसक्याला उशीर झाला होता आणि त्याने तिला अर्धी वर ओढून काढली होती. ती भिजलेली, खरचटलेली काठावर बसली. मग तिने पट्टा पुन्हा घट्ट केला. त्याने दोर पुन्हा दातांत धरला.

काही महिन्यांनी शेजारच्या वस्तीचा राखणदार आला आणि छपराखाली उभा राहून बघून गेला. मग त्याच्या वरच्या वस्तीचा आला. जागा सोडता येत नव्हती, म्हणून ते पहाटे निघून दुपारपर्यंत परत जात. ज्यांना तेही जमत नव्हते त्यांच्याकडे सुंदरा स्वतः गेली, पुस्तिका आणि काच घेऊन. तीन वस्त्यांत तिचे ऐकले. एका वस्तीच्या प्रमुखाने सांगितले की आमचा राखणदार बिल्लेधारी आहे. त्या वस्तीतून उन्हाळ्यात दोघे हौदात मेल्याची बातमी आली. ती बातमी ऐकली त्या दिवशी सुंदरा जेवली नाही, पण दुसऱ्या दिवशी झाकण काढायचे होते, म्हणून सकाळी तिने न्याहारी केली.

पुढच्या हिवाळ्यात बगळा आला तेव्हा दुपार झाली होती. राजधानीत मोठा मेळावा भरणार होता. सतरा वस्त्यांच्या प्रमुखांना हंसाच्या शेजारी बसवायचे होते, आणि शेवटच्या वस्तीची अडकून राहिलेली पाटीही तिथेच द्यायची होती. तो मानाजीच्या घरी गेला. घर रिकामे होते. तो वाटेने शोधत खालच्या हौदापाशी आला.

मानाजी गवा उघड्या हौदापुढे चारी पाय रोवून उभा होता. ऊन त्याच्या पाठीवर होते आणि नाकावर माश्या बसल्या होत्या. त्या तो हाकलत नव्हता.

"मानाजी, मेळाव्याचं बोलावणं आहे," बगळा म्हणाला. "आज संध्याकाळच्या आत होकार कळवायचा आहे."

गव्याने डोळा फिरवून त्याच्याकडे पाहिले आणि पुन्हा हौदाकडे नजर लावली.

"मानाजी, मी तुमच्याशी बोलतोय. येणार की नाही? हो की नाही, एवढंच सांगा."

दोर ताणलेला होता आणि काळोखात उतरला होता. उत्तर द्यायचे तर गव्याला दात उघडावे लागले असते.